मे महिन्यातली श्रीलंका, चौदा दिवस आणि मर्यादित खर्च: क्रम लावण्याआधी ठिकाणे कमी करावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघे नाशिकचे शिक्षक असून सोबत अकरा वर्षांची मुलगी आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात चौदा दिवस श्रीलंकेत काढायचे आहेत, विमानभाडे सोडून सगळा खर्च १,२०,००० रुपयांत बसवायचा आहे आणि जेवण पूर्ण शाकाहारी हवे आहे. यादीत कोलंबो, गॉल, मिरिसा, याला, एला, नुवारा एलिया, कँडी, दांबुल्ला, सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधापुर, त्रिंकोमाली आणि जाफना अशी तेरा ठिकाणे आहेत. त्यांचा क्रम कसा लावावा आणि पूर्ण प्रवासासाठी चालकासह गाडी घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे कुटुंबांसाठी आणि लहान गटांसाठी श्रीलंकेचे प्रवास आखून देते. त्या अनुभवावरून मला वाटते की खरी अडचण क्रमाची नाही. तेरा ठिकाणे चौदा दिवसांत कोणत्याही क्रमाने लावली तरी प्रवास बसच्या खिडकीतूनच होतो आणि पैसाही त्यातच जातो. आपल्यापुढचा खरा प्रश्न दोन भागांचा आहे. मे महिन्यात या बेटाचा कोणता भाग कोरडा असतो, हा पहिला भाग. त्या भागातली किती ठिकाणे निवांतपणे पाहता येतील, हा दुसरा. ही दोन उत्तरे मिळाली की क्रम जवळजवळ आपोआप लागतो.

प्रथम पावसाचे पाहू, कारण श्रीलंकेच्या आखणीत त्याच्याइतके निर्णायक दुसरे काहीच नाही. महाराष्ट्रात आपल्याला एकाच मोसमी पावसाची सवय असते. श्रीलंकेत असे दोन पाऊस आहेत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गॉल, मिरिसा हा पश्चिम व दक्षिण किनारा आणि डोंगराळ भागाची पश्चिमेकडची बाजू भिजवतो. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि उत्तरेकडचा भाग भिजवतो. मध्ये उंच डोंगर असल्यामुळे एका बाजूला पाऊस कोसळत असताना दुसऱ्या बाजूला कोरडे ऊन असू शकते. या दोन पावसांच्या मध्ये, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत, दुपारनंतर गडगडाटासह सरी येतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ही दुपारची सर अजून चालू असते आणि नैर्ऋत्य पाऊस दाराशी आलेला असतो. काही वर्षी तो मेमध्येच जोर धरतो. मे २०१६ मध्ये केगल्ल जिल्ह्यातील अरनायके येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली आणि मे २०१७ मध्ये दक्षिण व नैर्ऋत्य भागात मोठे पूर आले. हे आपल्याला घाबरवण्यासाठी सांगत नाही. मात्र मेमधल्या मर्यादित खर्चाच्या प्रवासाचा समुद्रकिनारा गॉल-मिरिसा हा नसावा, यासाठी हे कारण पुरेसे आहे. त्या काळात तिथला समुद्र खवळू लागतो, मुलीला पाण्यात उतरवता येत नाही आणि मिरिसाहून देवमासे दाखवणाऱ्या बोटींचा चांगला हंगामही एप्रिलपर्यंत संपत आलेला असतो.

याउलट पूर्व किनारा मेमध्ये शांत आणि स्वच्छ असतो. म्हणून आपल्या यादीतून मी गॉल, मिरिसा आणि याला ही तीन ठिकाणे एकदम काढते. गॉलचा किल्ला सुंदर आहे, पोर्तुगीज आणि डच राजवटींचे थर त्यात दिसतात, यात शंका नाही. पण फक्त किल्ल्यासाठी दक्षिण टोकापर्यंत जाऊन परत येणे या चौदा दिवसांत परवडत नाही.

दुसरा मुद्दा अंतरांचा. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या भागाइतके. नकाशा पाहून सगळे हाताशी असल्यासारखे वाटते आणि बहुतेक सगळ्यांची यादी इथेच फुगते. प्रत्यक्षात द्रुतगती मार्ग सोडले तर रस्ते अरुंद, वळणांचे आणि वस्त्यांमधून जाणारे आहेत. डोंगराळ भागात ताशी तीस किलोमीटरचा वेग धरला तरच हिशेब बरोबर येतो. मुक्काम बदलण्याच्या दिवशी सकाळची आवराआवर, बसस्थानक, प्रवास, नवी खोली शोधणे आणि जेवण यांत सूर्य मावळतो. मी आखणी करताना असे धरते की मुक्काम बदलण्याचा दिवस हा पाहण्याचा दिवस नसतो. तेरा ठिकाणांच्या यादीत असे किमान नऊ-दहा दिवस जातात, आणि दमलेले कुटुंब त्या दिवशी समोर दिसेल ती रिक्षा, समोर दिसेल ती खोली आणि समोर दिसेल ते उपाहारगृह मागेल त्या भावात घेते. खोल्यांच्या दरात शे-दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा दोन मुक्काम कमी करणे हा काटकसरीचा अधिक भक्कम मार्ग आहे.

या कसोटीवर जाफना आणि अनुराधापुरही मी बाजूला ठेवते. जाफन्याचे नल्लूर कंदस्वामी मंदिर आणि तिथली तमिळ संस्कृती यांसाठी वेगळा आठवडा हवा. अनुराधापुराबाबत मात्र आपल्या आवडीवर अवलंबून आहे. श्रीमहाबोधी वृक्षाचे दर्शन ही आपल्यासाठी श्रद्धेची गोष्ट असेल तर पोलोन्नरुवा सोडून अनुराधापुर घ्यावे. तसे नसेल तर पोलोन्नरुवा निवडावे, कारण तिथले अवशेष एकमेकांच्या जवळ आहेत, सायकलवर फिरता येते आणि मुलांना ते शहर म्हणून समजते. दोन्ही घेतल्यास तिसऱ्या दिवशी मुलगी विटांकडे पाहायलाही तयार होणार नाही, असा माझा अनुभव आहे.

आता मी सुचवते तो मार्ग. नेगोंबोत एक रात्र, कँडीत दोन, एलात तीन, पूर्व किनाऱ्यावर कल्कुडा-पासीकुडा येथे तीन, पोलोन्नरुव्यात एक, दांबुल्ल्यात दोन आणि परतताना पुन्हा नेगोंबोत एक, अशा तेरा रात्री होतात. डोंगर आधी आणि कोरडा प्रदेश नंतर, हा क्रम हेतुपुरस्सर आहे, कारण मे जसजसा पुढे सरकतो तसतसा डोंगरातला पाऊस वाढण्याचा संभव असतो.

विमानतळ कटुनायके येथे आहे. नेगोंबो तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहे, तर कोलंबो तीस किलोमीटरहून अधिक दूर. मुंबईहून येणारे विमान अवेळी उतरत असेल तर कोलंबोत शिरण्याचे काही कारण नाही. कोलंबो मी कार्यक्रमात घेतलेले नाही; मुलीला संग्रहालयाची आवड असेल तर शेवटच्या दिवशी नेगोंबोहून रेल्वेने जाऊन येता येते.

कँडीत दोन रात्री पुरतात. दंतधातू मंदिरात संध्याकाळच्या पूजेच्या वेळी, साधारण साडेसहाला, ढोलांचा गजर होतो आणि आतल्या गाभाऱ्याचे दार उघडते, तेव्हा जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पेरादेणियाचे वनस्पती उद्यान पाहावे. ते १८२१ मध्ये स्थापन झाले असून जायफळ, लवंग, दालचिनी या स्वयंपाकघरातल्या वस्तू झाडावर कशा दिसतात हे मुलांना तिथे नीट कळते. शहरातल्या मसाल्याच्या बागांत रिक्षावाले आग्रहाने नेतात. तिथे प्रवेश विनामूल्य असतो, पण शेवटी महागडी तेले गळ्यात मारली जातात, त्यामुळे नम्रपणे नकार द्यावा.

कँडी ते एला हा रेल्वेप्रवास पुष्कळांच्या मनात श्रीलंकेचे मुख्य आकर्षण असतो आणि ते योग्यच आहे. सहा-सात तासांत गाडी चहाच्या मळ्यांतून वर चढत जाते आणि पट्टिपोल स्थानकाशी १,८९० मीटरच्या आसपास उंची गाठून पलीकडे उतरते. आरक्षण प्रवासाच्या तीस दिवस आधी उघडते आणि लवकर संपते. नंतर तीच तिकिटे दलालांकडे कित्येक पट दराने मिळतात. ती घेऊ नयेत. आरक्षण मिळाले नाही तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचे अनारक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळते, फक्त गर्दीची तयारी हवी. एक महत्त्वाची सूचना अशी की, नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळाने डोंगरातले रस्ते आणि लोहमार्ग यांचे फार मोठे नुकसान केले. त्यामुळे आरक्षणाआधी या मार्गाचा कोणता टप्पा चालू आहे, हे श्रीलंका रेल्वेच्या अधिकृत सूचनांवरून पाहून घ्यावे. पूर्ण मार्ग चालू नसेल तर कँडीहून बसने नुवारा एलिया गाठावे आणि नानुओया किंवा त्यापुढच्या ज्या स्थानकापासून गाडी चालू असेल तिथून पुढचा भाग रेल्वेने करावा. उंच पठारावरून एलाकडे उतरण्याचा भाग तसाही सर्वांत मोकळा आणि देखणा आहे.

नुवारा एलिया मी मुक्कामासाठी घेत नाही. एप्रिलमध्ये तिथे सिंहली-तमिळ नववर्षानंतरचा सुटीचा हंगाम असतो आणि मेमध्ये धुके व पाऊस असतो. सीता एलिया येथील सीता अम्मन मंदिर पाहण्याची इच्छा असेल तर मात्र कँडीची एक रात्र कमी करून ती इथे घालावी. रामायणाशी जोडलेली स्थळे पाहण्याची ओढ अनेक मराठी कुटुंबांना असते आणि त्यासाठी एक दिवस देणे मला अजिबात वावगे वाटत नाही.

एलात तीन रात्री मुद्दाम ठेवल्या आहेत. डोंगरात दुपारी सर येणार हे गृहीत धरायचे, पहाटे बाहेर पडायचे आणि दोनच्या आत परतायचे. एका सकाळी लिटल ॲडम्स पीकची सोपी चढण आणि उतरताना देमोदरचा नऊ कमानींचा पूल पाहावा. १९२१ साली पूर्ण झालेला हा पूल विटा, दगड आणि सिमेंट यांचा आहे, त्यात पोलाद वापरलेले नाही. मुलीला कमानी का टिकतात हे सांगण्याची ही उत्तम जागा आहे, आणि आपण दोघे शिक्षक असल्याने ते मी अधिक आग्रहाने सुचवते. दुसऱ्या सकाळी रेल्वेने हपुतळेला जाऊन दंबतेन्नेचा चहाचा कारखाना पाहावा. एला गाव आता पर्यटकांनी गजबजलेले आणि श्रीलंकेच्या मानाने महाग झाले आहे. खर्च फारच ताणला जात असेल तर बंडारवेल येथे राहावे. तिथे स्थानिक बाजारपेठ आहे, खोल्या स्वस्त आहेत आणि एला रेल्वेने जवळच आहे.

एलाहून पूर्व किनाऱ्यावर जाण्याचा दिवस हा या मार्गातला सर्वांत लांब दिवस. बदुल्ला, बिबिले आणि महाओयामार्गे बट्टिकलोआकडे रस्ता उतरतो आणि तिथून कल्कुडा उत्तरेला आहे. बसने दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतात. चालकासह गाडी पूर्ण प्रवासासाठी घ्यावी का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच देते: पूर्ण प्रवासासाठी नको, पण या एका दिवसासाठी जरूर घ्यावी. गाडीचा दर साधारण दिवसाला पन्नास ते सत्तर डॉलर पडतो, म्हणजे चौदा दिवसांचे साठ हजार रुपयांच्या पुढे जातात आणि आपल्या अर्ध्याहून अधिक खर्चाची वाट तिथेच लागते. शिवाय दांबुल्ल्यात किंवा समुद्रकाठी तीन दिवस राहत असताना गाडी उभी राहते आणि तिचे पैसे आपण भरत राहतो. हेच गणित पाच माणसांसाठी किंवा सोबत वृद्ध आई-वडील असतील तर बदलते. तेव्हा मी स्वतःच गाडी घ्यायला सांगते. आपण तिघे आहात, मुलगी मोठी आहे, पाठीवरच्या पिशव्या घेऊन चालू शकते. अशा कुटुंबाला लाल रंगाच्या सरकारी बस, खासगी बस आणि रेल्वे पुरेशा आहेत. शहरात रिक्षा पिकमी या ॲपवरून बोलवावी, म्हणजे घासाघीस टळते.

कल्कुडा आणि पासीकुडा हे शेजारी शेजारी आहेत. पासीकुडाच्या उपसागराचे पाणी प्रवाळामुळे शांत आणि उथळ असते, बरेच अंतर चालत गेले तरी कमरेच्या वर येत नाही. नीट पोहता न येणाऱ्या मुलांसाठी श्रीलंकेत याहून चांगला किनारा मला माहीत नाही. पासीकुड्यात मोठी हॉटेले आहेत, तर कल्कुड्याच्या बाजूला घरगुती गेस्ट हाउस मिळतात. हा भाग तमिळ आणि मुस्लिम वस्तीचा आहे, त्यामुळे गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत. कोणेश्वरम मंदिर पाहायचेच असेल तर कल्कुड्याऐवजी त्रिंकोमालीत तीन रात्री घ्याव्यात. तिथेही उप्पुवेली आणि निलावेलीचा समुद्र मेमध्ये उत्तम असतो, फक्त एलाहून येण्याचा दिवस आणखी लांबतो, आणि पुढे पोलोन्नरुव्याला आडवे जाण्याऐवजी ते दांबुल्ल्याहून एका दिवसात करावे लागते.

कल्कुड्याहून वाळैचेनैला येऊन पोलोन्नरुव्याची बस मिळते. ती कदुरुवेल येथे थांबते. जुने शहर तिथून चार किलोमीटरवर आहे, हे माहीत असले की उतरल्यावर गोंधळ होत नाही. पोलोन्नरुव्यात पहाटेच सायकली घ्याव्यात, कारण मेमधले दुपारचे ऊन तिथे अक्षरशः भाजते. बाराव्या शतकातील राजा पराक्रमबाहू याने घडवलेले विस्तीर्ण जलाशय, गल विहारातील एकाच खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती आणि चोळांच्या काळातील दगडी शिवमंदिर एवढे तरी पाहावेच. चोळांनी अकराव्या शतकात ही आपली तिथली राजधानी केली होती, हे त्या शिवमंदिरापाशी उभे राहून मुलीला सांगितले तर इतिहासाच्या पुस्तकातले वाक्य तिच्या लक्षात राहील.

दांबुल्ल्याहून सिगिरिया स्थानिक बसने पाऊण तासावर आहे. सिगिरियाच्या अगदी पायथ्याशी राहिल्यास खोली आणि जेवण दोन्ही महाग पडतात, म्हणून मुक्काम दांबुल्ल्यात ठेवावा. पाचव्या शतकात कश्यप राजाने या खडकावर राजवाडा बांधला. वर जाण्यास बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दार उघडताच चढावे, दहापर्यंत उतरून यावे. कड्याच्या पोटातली चित्रे पाहताना अजिंठ्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही, आणि काळही जवळजवळ तोच आहे. आपण आधी अजिंठा पाहिला असेल तर इथे जास्त वेळ थांबाल. चित्रांचे छायाचित्र काढण्यास मनाई आहे.

सिगिरियाच्या प्रवेशशुल्काबद्दल पुष्कळ तक्रारी ऐकू येतात. परदेशी पर्यटकांसाठी ते तीस डॉलरच्या वर आहे. मात्र सार्क देशांच्या नागरिकांना सिगिरिया आणि पोलोन्नरुवा या दोन्ही ठिकाणी साधारण निम्म्या दराने तिकीट मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो. खोलीवर ठेवून गेलात तर पूर्ण दर द्यावा लागेल. तरीही तिघांचे मिळून ते जड वाटले तर समोरच्या पिदुरंगल खडकावर जावे. तिथले शुल्क अगदी थोडे आहे आणि सिगिरियाचा अखंड खडक समोर दिसतो. शेवटचा भाग मोठ्या धोंड्यांवरून चढावा लागतो, त्यामुळे पाऊस पडून गेला असेल तर मुलीला नेऊ नये. माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिल्यांदाच जाणाऱ्याने सिगिरियाचे पैसे द्यावेत आणि बचत सफारीत करावी. हबरणेहून निघणारी अर्ध्या दिवसाची एकच जीप सफारी पुरे. तिथले चालक हत्ती त्या आठवड्यात मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलु यांपैकी कुठे आहेत ते पाहून नेतात. यालातील बिबट्याच्या आशेने खर्च वाढवण्यापेक्षा इथे हत्ती दिसण्याची शक्यता बरीच अधिक असते.

जेवणाबाबत थोडे विस्ताराने लिहिते, कारण शाकाहारी मराठी कुटुंबांची सर्वाधिक कुचंबणा इथेच होते. तांदूळ, वरण, नारळ, फणस, भोपळा, पालेभाज्या असे सगळे तिथे आहे. भात आणि चार भाज्यांचे ताट हे तिथले रोजचे जेवण असून स्थानिक ठिकाणी दुपारी ते स्वस्तात आणि पोटभर मिळते. अडचण अशी की उंबलकड नावाचा सुकवलेल्या माशाचा चुरा नारळाच्या चटणीत आणि कधी कधी भाजीतही घातलेला असतो, आणि स्वयंपाकी त्याला मांसाहार समजत नाही. त्यामुळे नुसते शाकाहारी म्हणून भागत नाही. ‘मस एपा, माळु एपा, उंबलकड एपा’ म्हणजे मांस नको, मासा नको, उंबलकड नको, असे तिन्ही सांगावे. तमिळ पद्धतीची शैव शाकाहारी भोजनालये कँडीत आणि पूर्वेकडच्या गावांत सापडतात. इडली, डोसा आणि भात-सांबार मिळाले की मुलांचा प्रश्न सुटतो. गेस्ट हाउसच्या मालकिणीला सकाळीच सांगितले तर रात्री ती घरचे ताट करून देते, आणि माझ्या मते तेच सर्वांत चांगले जेवण असते. न्याहारीला तांदळाच्या शेवयांचे इंदिआप्प आणि नारळाच्या दुधातले वरण मागावे.

खर्चाचा हिशेब असा मांडता येईल. एका भारतीय रुपयाला साधारण सव्वातीन ते साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात, जाण्याच्या वेळचा दर पाहून घ्यावा. तिघांसाठी स्वच्छ, पंख्याची किंवा साध्या वातानुकूलनाची खोली सरासरी १,८०० भारतीय रुपये धरली तर तेरा रात्रींचे २३,४०० होतात. जेवणाला तिघांचे रोज १,८०० धरले तर चौदा दिवसांचे २५,२००. बस, रेल्वे, रिक्षा आणि एका दिवसाची गाडी मिळून २०,०००. प्रवेशशुल्क आणि सफारी मिळून २५,०००. ही बेरीज ९३,६०० रुपये होते. उरलेल्या २६,४०० पैकी सहा हजारांत स्थानिक सिम, कपडे धुणे, शहाळी आणि किरकोळ खरेदी बसते. बाकीचे वीस हजार राखीव ठेवावेत आणि ते शेवटच्या तीन दिवसांपर्यंत मोजायचेच नाहीत. आपली रक्कम पुरेशी आहे, पण तेरा ठिकाणांसाठी ती पुरली नसती.

पैसे नेताना थोडे डॉलर रोख आणि एक फॉरेक्स कार्ड ठेवावे. श्रीलंकन रुपये भारतात घेऊ नयेत. कटुनायकेच्या विमानतळावरील बँकांच्या खिडक्यांवर चांगला दर मिळतो आणि पावती जपून ठेवली की उरलेले परत बदलता येतात. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआय सुरू झाले आहे आणि मोठ्या दुकानांत ते चालते, पण बसचा वाहक आणि कोपऱ्यावरचे भोजनालय रोखच घेते.

मेमध्ये वेसाक पौर्णिमा येण्याची शक्यता असते, तेव्हा आपल्या तारखांशी ती ताडून पाहावी. प्रत्येक पौर्णिमा तिथे सार्वजनिक सुटी असते, आणि वेसाक तर बुद्धजन्माचा सर्वांत मोठा सण. घरोघरी कागदी कंदील लागतात, चौकाचौकांत दिव्यांची तोरणे उभी राहतात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना विनामूल्य जेवण दिले जाते. आपल्याकडच्या दिवाळीच्या रोषणाईची आणि भंडाऱ्याची आठवण येईल असे ते वातावरण असते. तो दिवस कँडीत किंवा दांबुल्ल्यात येत असेल तर खोली आधी घ्यावी, कारण बस आणि खोल्या दोन्ही भरतात. मंदिरांत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात आणि दुपारी फरशा तापतात, म्हणून पिशवीत मोजे असू द्यावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. तिथे तो गंभीर अनादर समजला जातो.

आरोग्याचे थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंका हिवतापमुक्त घोषित केली. डेंग्यू मात्र आहे आणि पावसाबरोबर वाढतो. दिवसाही डास टाळणारे मलम लावावे, मुलीला पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. कोरड्या प्रदेशात ओआरएसची पाकिटे रोज लागतील. प्रवास विमा घ्यावा.

हे सगळे मेच्या पहिल्या पंधरवड्यासाठी आहे. आपल्या तारखा नाताळच्या सुटीत गेल्या तर उत्तर उलटे होते: पूर्व किनारा सोडावा आणि गॉल-मिरिसा घ्यावे. दिवाळीच्या सुटीसाठी मी सहसा श्रीलंका सुचवत नाही. त्या काळात पाऊस दोन्ही बाजूंना पडतो आणि बंगालच्या उपसागरात वादळे तयार होतात. दितवा त्याच हंगामाच्या शेवटी आले.

आता कामाचा क्रम. विमानाची तिकिटे घेतल्यावर ईटीए हे प्रवेशपत्र फक्त श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढावे. त्याच्या शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, त्यामुळे नातेवाइकांनी गेल्या वर्षी काय भरले यावर विसंबू नये. त्यानंतर नेगोंबोची पहिली रात्र आणि कँडीच्या दोन रात्री पक्क्या कराव्यात. रेल्वेचे आरक्षण तीस दिवस आधी, खिडकी उघडेल त्याच दिवशी करावे आणि ते मिळाल्यावरच एलाची खोली घ्यावी. कल्कुड्यापासून पुढच्या खोल्या रद्द करता येतील अशाच प्रकारच्या घ्याव्यात किंवा दोन दिवस आधी फोन करून ठरवाव्यात. मेमध्ये त्या भागात जागा सहज मिळते आणि डोंगरात पाऊस लवकर आला तर एलाची एक रात्र सोडून समुद्रकाठी एक वाढवता येते. नक्की तारखा आणि विमानाची उतरण्याची वेळ कळवलीत तर नेगोंबो ते कँडी या पहिल्या टप्प्याची बस कोणत्या वेळेची धरावी, तेही लिहून देईन.